ड्रमकीलच्या आउटरला

१

रोज सकाळी चुलीतली राख काढायची, बादलीत भरायची आणि फलाटाच्या कडेवरून खाली रुळांमध्ये ओतायची, हा माझा नेम. ड्रमकीलला गाडी यायची बंद झाली त्याला बरीच वर्षं लोटली, आणि रुळांचा दुसरा काही उपयोग कुणाला सुचला नाही. तिकीटघरात मी बटाटे साठवते. मालाच्या शेडमध्ये कोंबड्या आहेत. फलाटाच्या दोन खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घालते. वाळत आपलं म्हणायचं, आयर्लंडच्या या दलदलीच्या मुलखात कपडे फार तर कमी ओले होतात.

बाबा, म्हणजे मॅलकी टिअरनन, ड्रमकीलचे शेवटचे स्टेशनमास्तर. त्यांचे वडील इथले पहिले. ही लाइन टाकताना दलदल म्हणे रोजच्या रोज दगडमाती गिळायची, म्हणून शेवटी मेंढ्यांच्या लोकरीचे गठ्ठे आणि झाडांच्या फांद्या खाली घालून वर रूळ अंथरले. त्यामुळे गाडी आली की जमीन हलायची, आणि ती दिसायच्या आधी आमच्या कपाटातल्या कपबशा बोलायला लागायच्या. गाडी आली की मुलखात समृद्धी येणार, असं सगळ्यांना वाटलं होतं. आली ती थोडी साखर, थोडा कोळसा आणि वर्तमानपत्रं. गेलं मात्र पुष्कळ. बाजाराच्या दिवशी गुरं गेली, आणि बाकीच्या दिवशी माणसं. अमेरिकेच्या नाहीतर इंग्लंडच्या बोटीसाठी निघालेली पोरं-पोरी, सुतळीने बांधलेल्या पेट्या घेऊन, इथूनच चढायची. आया फलाटावर अशा रडायच्या की घरात कुणी गेलंय असं वाटावं. माझे दोघे भाऊ असेच गेले. मी राहिले, कारण कुणीतरी राहायला हवं होतं.

मग कंपनीने लाइन बंद केली. रूळ उखडायला माणसं येणार होती, ती आलीच नाहीत. घर आमच्याकडे राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नकोच होतं.

त्या दिवशी एक कोंबडी हरवली म्हणून मी रुळांवरून लांब दलदलीच्या पुलापर्यंत गेले. रूळ ठाऊकच होते, तांबडे, पापुद्रे सुटलेले, वरून शेवाळं आलेले. पण पुलाच्या पलीकडे ते चकाकत होते. रेल्वेवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला रूळ वाचता येतो. गाडी जात असेल तर रुळाचा माथा चांदीसारखा राहतो, आणि जायची थांबली की या ओल्या हवेत बघता बघता तांबडा होतो. पुलापलीकडे दोन्ही रूळ चांदीसारखे होते, आणि अलीकडे गंज. मध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ होती.

कोंबडी सापडली नाही. घरी येताना मी दोनदा मागे वळून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं.

२

मला भुताखेतांचं वावडं आहे. मी पंचवीस वर्षं डेअरीच्या कचेरीत काम केलंय, आणि दुधात पाणी कुणी घातलं हे चेहऱ्यावरून ओळखलंय. घरी पोचेपर्यंत मी चोर पकडला होता. चोर म्हणजे बाबा.

म्हाताऱ्याला रेल्वे सुटलेली नव्हती. एक आउटरचा, म्हणजे स्टेशनाच्या हद्दीबाहेरचा सिग्नल अजून चालायचा, कारण दर रविवारी चर्चमधून प्रार्थना करून आले की बाबा त्याच्या तारेच्या चाकांना तेल घालायचे. बाकी तारा शेजारच्या पॅकी बॉयलनने कुंपणाला नेल्या होत्या, पण या तारेला हात लावायची त्याची छाती नव्हती. तेव्हा बाबा पहाटे उठून जातात आणि विटकरीने रूळ घासतात, असं मी ठरवून टाकलं.

आणि ठरवल्यावर मला दुसरीच काळजी लागली. दर आठवड्याला सरकारी नर्स मिसेस गिलहूली यायची, आणि बाबांना तपासता तपासता घरही तपासायची. म्हातारा भटकायला लागला, चुलीशी एकटा सोडण्यासारखा राहिला नाही, असं तिला कळलं असतं तर तिने त्यांना जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात हलवलं असतं. तिथल्या लांबच लांब खोलीत खाटांच्या दोन रांगा असतात. बाबांचा मित्र तिथे भिंतीकडे तोंड करून मेला. मी बाबांना शब्द दिला होता, की तुमचं जे काय व्हायचं ते याच घरात, तुमच्याच खाटेवर होईल. माझ्याकडे दुसरं देण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून मी कुणाला काही बोलले नाही. बाबांचे बूट तपासले, ते कोरडे होते. बाह्या तपासल्या. रात्रीचं चहाचं भांडं धुताना त्यांचे हात हातात घेऊन पाहिले, त्यांवर गंजाचा कणसुद्धा नव्हता.

"काय गं, हात बघतेस? लग्न ठरवतेस काय माझं?" बाबा म्हणाले.

"ठरवलं असतं, पण मुलीकडचे माणूस बघायला येतील ना," मी म्हटलं. "पुलाकडे गेला होतात का तुम्ही?"

ते हसायचे थांबले. पुलापर्यंत आली का, एवढंच त्यांनी विचारलं. काय आली, असं मी विचारलं तर म्हणाले, काही नाही, झोप आता.

पुढच्या आठवड्यात चकाकी पुलाच्या अलीकडे आली होती.

३

नोव्हेंबर लागला आणि बाबांची छाती भरली. डॉक्टर गॅफनी आले, नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले की आता हे उठायचे नाहीत. मला रडू आलं. पण त्या रडण्यात लाज वाटावी असा एक दिलासाही होता. निदान आता रूळ घासणं थांबेल.

डॉक्टर गेल्यावर मी शाल घेऊन रुळांवरून निघाले. जास्त लांब जावंच लागलं नाही. रेघ डोंगर कापून काढलेल्या खिंडीपर्यंत आली होती.

मी तिथे उभी राहिले आणि खूप घाबरले. तोवर माझ्याकडे एक उत्तर होतं, कसंही असो, पण माणसाच्या हातांचं होतं. ते हात आता घरात पांघरुणाखाली होते.

दुसऱ्या दिवशी मी पॅकीला बोलावलं. त्याच्या गाई रुळांमधलं गवत फुकट खातात, तेव्हा एवढं काम त्याच्याकडून करून घ्यायला मला संकोच नव्हता. पॅकी म्हणजे तोंडाचा पट्टा. खिंडीपर्यंत त्याने मला सोडलं नाही. म्हणे, ऊना, तुला एकटीला राहून राहून रुळांवरही माणसं दिसायला लागलीत, त्यापेक्षा माझ्या मेहुण्याशी लग्न कर, त्याचे दात स्वतःचे आहेत.

मग त्याला रेघ दिसली. तो गुडघ्यावर बसला, गंजावरून बोट फिरवलं, बोट तांबडं झालं. मग चकाकीवर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"काय झालं?"

"गरम आहे," पॅकी म्हणाला.

मी हात लावला. गवतावर दहिवर गोठलं होतं, आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि रूळ कोमट होता. नुकतीच गाडी गेली की असतो तसा. जमिनीतून ऊब येत असेल, दलदलीत असं होतं, असं मी म्हटलं. पॅकीने मान डोलावली. संध्याकाळच्या आत त्याने गाई नेल्या आणि वरच्या रानात बांधल्या. विचारलं तर म्हणाला, गवत कडू झालंय.

४

चकाकी आउटरपर्यंत आली आणि थांबली.

सिग्नल म्हणजे उंच खांबावरचा लाकडी हात. आडवा असला की थांबायचं, खाली पडला की यायचं. आमचा तो हात लाइन बंद झाली त्या दिवसापासून आडवाच होता. त्याच्या बरोबर खाली ती रेघ येऊन थांबली. आज गेले, उद्या गेले, परवा गेले, रेघ तिथेच. मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की ती संपलेली नाही, थांबलेली आहे.

बाबांना ते न सांगता कळलं. मी सूप घेऊन गेले तर ते उशीला टेकून, डोकं एका बाजूला करून ऐकत होते.

"गाडी आउटरला उभी आहे, ऊना. सिग्नल दे."

"बाबा, गाड्या बंद झाल्या. तुम्हीच शेवटची सोडलीत."

"ती सुटली ती सुटली. ही उभी आहे. गाडी अशी बाहेर उभी ठेवायची नसते गं."

मी चमचा त्यांच्या तोंडात घातला, म्हणजे बोलणं थांबलं. पण दुपारी मी कोंबड्यांना दाणे टाकून परत आले तेव्हा खाट रिकामी होती. बाबा रात्रीच्या सदऱ्यावर, अनवाणी, फलाटाच्या टोकाच्या केबिनमध्ये होते. सिग्नलच्या लोखंडी दांड्याला दोन्ही हातांनी लटकले होते आणि तो त्यांना ओढवत नव्हता. मी त्यांना उचलून आणलं. त्यांचं वजन एखाद्या पोत्याएवढंही राहिलं नव्हतं. मग मी परत गेले आणि पॅकीच्या कुंपणाची तार घेऊन तो दांडा चौकटीला करकचून बांधला, वर पाच-सहा गाठी मारल्या.

केबिनमध्ये उभी असतानाच मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. धुकं उतरलं होतं, आउटर दिसत नव्हता. त्या दिशेने एक सुस्कारा येत होता, बारीक, न तुटणारा. उभ्या इंजिनातून वाफ सुटते तसा. तारेतून वारा जातोय, मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता. दोरीवरचे कपडे हलत नव्हते.

घरात आले, फलाटाकडच्या दाराला कडी घातली आणि कपाटातल्या सगळ्या कपबशा काढून टेबलावर पालथ्या घालून ठेवल्या. त्या बोलायला लागल्या असत्या तर मला सहन झालं नसतं.

५

त्यानंतर बाबा मरायला लागले, आणि मरेनात.

हे मला नीट सांगता येणार नाही. फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले. डॉक्टर दर दिवसाआड येत, नाडी धरत आणि माझ्याकडे पाहत. एकदा ते म्हणाले की या छातीने माणूस जगत नाही, हे कसे जगताहेत मला समजत नाही. बाबांच्या पोटात पाण्याचा थेंब ठरत नव्हता. श्वास घेताना सबंध खाट करकरायची. प्रत्येक श्वास शेवटचा वाटायचा आणि मग पुढचा यायचा. शुद्ध मात्र शेवटपर्यंत लख्ख होती. डोळे माझ्यावर लावून ते पडून असायचे. मिसेस गिलहूलीसुद्धा आता वृद्धाश्रमाचं नाव काढत नव्हती. मी जो शब्द दिला होता तो मी पाळला होता, आणि त्याच खाटेवर बाबांचे हाल चालले होते.

पॅकीची बायको टेस पाव घेऊन आली, क्षणभर दारात उभी राहिली, आणि हळूच मला म्हणाली की असा जीव अडकला की आमच्याकडे घरातलं एकही कुलूप लावलेलं ठेवत नाहीत, एकही गाठ बांधलेली ठेवत नाहीत. मी एरवी तिची टर उडवली असती. ती गेल्याबरोबर मी उठले. खिडक्या उघडल्या. पेट्या, कपाटं, तिकीटघराचं कुलूप, सगळं उघडलं. पडद्यांच्या नाड्या, ॲप्रनची गाठ, बाबांच्या बुटांच्या लेसा सोडल्या. स्वतःचे केस मोकळे सोडले. फलाटाकडच्या दाराची कडीसुद्धा काढली, डोळे मिटून. बाबांचा श्वास तसाच करकरत राहिला.

एकच गाठ राहिली होती, आणि ती कोणती हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी त्यांच्या उशाशी बसले. बाहेर दुपार होती, पण धुक्याने खिडकी पांढरी झाली होती.

"बाबा, कोण आहे त्या गाडीत?"

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "मी नाही बघितलं. मला नाही बघायचं."

"तुम्हाला जायचंय का तिच्यातून?"

"नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या जन्मात मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "शिट्टी मारत नाही ती. एवढा वेळ उभी ठेवली की ड्रायव्हर शिट्टी मारतो, शिव्या देतो. ही नुसती थांबलीय. पण थांबलीय म्हणून... उभी ठेवता येत नाही ना, ऊना. दे सिग्नल."

मी त्यांच्या कपाळाचा पापा घेतला आणि गेले.

केबिनमध्ये तारेच्या गाठी सोडवताना माझी दोन नखं तुटली. दांडा मी कधी ओढला नव्हता, पण लहानपणापासून पाहिला होता. पाय चौकटीला लावला, अंग मागे टाकलं. तार कण्हली. धुक्यात दूर, लाकडी हात खाली पडल्याचा ठक्क आवाज आला.

सुस्कारा थांबला.

मग मी पळाले.

६

मी खोलीत शिरले तेव्हा खाट करकरत नव्हती. बाबांचं तोंड किंचित उघडं होतं आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. हात अजून उबदार होता. माझं काम झालं, मला वाटलं. ते सुटले.

स्वयंपाकघरात टेबलावरच्या पालथ्या कपबशा बोलायला लागल्या.

फलाटाकडची खिडकी मी थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या हाताने उघडली होती. ती लावायला म्हणून गेले, एवढंच. धुक्यात फलाटाच्या कडेला काहीतरी लांब आणि काळं येऊन उभं होतं, आणि त्यात मंद पिवळ्या खिडक्यांची रांग होती. खिडक्यांत माणसं होती. टोप्या घातलेली, रुमाल बांधलेली, सगळी तरुण. सगळ्यांच्या मांडीवर सुतळीने बांधलेल्या पेट्या. कुणी बाहेर पाहत नव्हतं. त्यांच्या आया आता फलाटावर नव्हत्या, म्हणून असेल.

डब्यांची दारं उघडी होती. फलाटावरून एक माणूस पलीकडच्या टोकापासून येत होता आणि एकेक दार लावत होता. लावलं की मूठ फिरवून पाहायचा आणि पुढे व्हायचा. ताठ चालत होता. मी ती चाल ओळखली. मागच्या खोलीत खाटेवर त्यांचा हात मी नुकताच खाली ठेवला होता, आणि तरी ती चाल मी ओळखली.

शेवटचं दार आमच्या खिडकीच्या समोर होतं. ते त्यांनी लावलं नाही. ते उघडं धरून ते घराकडे वळले.

मी खिडकी लावली, पडदा ओढला आणि दाराची कडी घातली. मग टेस येईपर्यंत ओट्याखाली बसून होते. ती म्हणाली, दुःखाने असं होतं.

बाबांना पुरलं. सगळे म्हणाले, सुटले बिचारे, मुलीने फार केलं. बर्मिंगहॅमहून भाऊ आला होता, तो मला आपल्याबरोबर चल म्हणाला. वसंतात येईन, असं मी त्याला सांगितलं. तो गेला त्या दिवशी मी मनाचा हिय्या करून रूळ पाहून आले. चकाकी आउटर ओलांडून आली आहे, फलाटाच्या लांबीभर आहे, आणि आमच्या खिडकीसमोरून थोडी पुढे जाऊन सुरीने कापल्यासारखी थांबली आहे. पुढे सगळा गंज. ती आली आहे, गेलेली नाही.

ती का जात नाही हे मला माहीत आहे. बाबांनी जन्मभर एक गोष्ट केली, आणि त्यावरून वरच्यांच्या किती शिव्या खाल्ल्या. रस्त्यावरून कुणी पळत येताना दिसलं, तर माणूस चढेपर्यंत ते दार धरून उभे राहायचे. घड्याळाकडे पाहायचे नाहीत. हाकही मारायचे नाहीत, माणसाला घाई होऊ नये म्हणून.

धुकं उतरलं की मी पडद्याची कड सारून बघते. ते तसेच उभे असतात. मी मानेने नाही म्हणते. ते ऐकून घेतल्यासारखी मान हलवतात आणि दार धरून राहतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. आमच्या घराण्यात बायका नव्वदीपर्यंत जगतात. मी जगेन तितकी वर्षं बाबा त्या गारठ्यात उभे राहणार, हे मला पडदा सोडल्यावरही विसरता येत नाही. खाटेवरून सोडवून मी त्यांना तिथे नेऊन उभं केलंय.

आज दुपारपासून धुकं आहे. मघाशी पाहिलं तेव्हा दिसलं की त्यांच्या गळ्यात काही नाही. शवपेटीत ठेवताना आम्ही त्यांना चांगला कोट घातला, पण मफलर कुणालाच सुचला नाही. तो इथेच खुंटीवर राहिलाय. छाती भरलेला माणूस, आणि गळा उघडा.

मफलर मी चुलीजवळ धरून गरम केलाय. नुसता त्यांच्या हातात द्यायचा आणि लगेच मागे फिरायचं, असं मी ठरवलंय. डब्याकडे बघायचंसुद्धा नाही. दाराची कडी जरा जड जाते, पण निघते.